दुसरा दाखव

ढेबे अण्णांनी मला आयुष्यात एकदाही 'चांगलं आहे' म्हटलं नाही. ते जाऊन आता काही महिने झाले, तरी हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, भांडतोय. ते असते तर कुंपणापलीकडे उभं राहून भांडलो असतो. आता लिहावं लागतंय, एवढाच फरक.

अण्णा म्हणजे जेमतेम पाच फुटांचा माणूस. खाकी पँट, पांढरा हाफ शर्ट, आणि शर्टाच्या खिशात जिथं लोक पेन लावतात तिथं एक गेज. ज्यांनी गेज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विटीएवढा पोलादी दांडा असतो. त्याच्या एका टोकाला म्हणतात गो, दुसऱ्याला नो-गो. मालाला पाडलेल्या होलात गोचं टोक सहज गेलं पाहिजे आणि नो-गोचं टोक जाता कामा नये. दोन्ही टोकं गेली तर होल मोठं, एकही गेलं नाही तर लहान. कसंही झालं तरी माल बाद. अण्णांनी पिरंगुटच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये उभी नोकरी याच कामावर काढली. आमच्या चांदे गावात त्यांना पोरंसोरं 'नो-गो अण्णा' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

त्यांची माझी पहिली गाठ कारखान्याच्या गेटवर पडली. मी दहावी नापास, दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग घासून घासून स्वतःची शेड टाकलेला. पहिलीच ऑर्डर होती, दोनशे ब्रॅकेट. प्रत्येकाला एक होल. टेम्पोतून माल उतरवला. अण्णांनी एक ब्रॅकेट उचललं, खिशातलं गेज काढलं, गो घातलं, उलटं केलं, नो-गो घातलं. तेही गेलं.

"बाद," ते म्हणाले.

"अण्णा, एकच बघितलाय."

त्यांनी आणखी चार बघितले. "बाद. उचल."

मी बाजारात वाढलेला माणूस. भंगारवाल्यापासून बिल्डरपर्यंत माझ्याशी घासाघीस करून कुणी हसत घरी गेलेलं नाही. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, केसभर इकडंतिकडं झालं असेल, गाववाले आहोत, या वेळेला घ्या, पुढच्या लॉटला दरात बघू.

अण्णा शांतपणे म्हणाले, "दराचं खरेदीवाल्याशी बोल. होलासंगं भाव होत न्हाई, दत्तू."

दुसऱ्यांदा माल नेला, पुन्हा बाद. तिसऱ्यांदा मी माल घट्ट धरणारा जिग बनवला, होल नेमकं करणारा नवा रीमर आणला, तीन दिवस शेडमध्ये कुणाशी धड बोललो नाही. त्या वेळी अण्णांनी पहिलं ब्रॅकेट घेतलं, गो गेलं, नो-गो अडलं. मी तोंडाकडे बघत उभा. ते म्हणाले, "दुसरा दाखव." दुसरा दाखवला. "अजून एक." असे पाच झाले. पाचवा खाली ठेवला, गेज खिशात घातलं आणि एक अक्षर न बोलता ते कँटीनकडे चहाला निघून गेले. मी वेड्यासारखा उन्हात उभा. मला वाटलं, तिसऱ्यांदा बाद. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन म्हणाला, "अरे उतरव की माल. अण्णा चहाला गेलं म्हंजी पास."

तर हे त्यांचं पास करणं.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या शेजारीच राहायला आले. म्हणजे जागा त्यांचीच होती. त्यांचा भाऊ तिथं मेंढरं बांधायचा, तो गेल्यावर अण्णांनी दोन खोल्या काढल्या. अण्णांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बाजारात मेंढी घेताना त्यांचे वडील म्हणे डोळ्यांनी बघायचेच नाहीत, लोकरीखाली हात घालायचे. वरून लोकर कितीही फुगलेली असली तरी खाली बरगड्या लागल्या की हात काढून घ्यायचे आणि विकणाऱ्याला नुसता तळहात दाखवून पुढं चालायला लागायचे. अण्णांनाही तीच सवय. दार असो, भाजी असो, नवीन मोटरसायकल असो, आधी हात फिरवणार. आमच्या बंगल्याची वास्तुशांत झाली तेव्हा शंभर माणसं 'वा वा' करत होती. अण्णा एकटे जिन्याचा कठडा चाचपत वर गेले आणि वरून ओरडले, "दत्तू, हितं वेल्डिंग घासायचं ऱ्हायलंय!" फॅब्रिकेशनवाल्याच्या घरात, शंभर पाहुण्यांसमोर. त्या दिवशी माझी बायको मला स्वयंपाकघरात धरून बसली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

पण अण्णांकडे माणसं यायची. आमच्या गावातल्या खोल्या म्हणजे निम्म्या भाड्याच्या. लवळ्याच्या टेकडीवर शिकणारी, हिंजवडीत नोकरी करणारी पोरंपोरी. बीई झालेली, वर्ष-दोन वर्षं नोकरी करून कंटाळलेली. पुढं काय करायचं, एमटेक की एमएस, इथं की परदेशात, एक वर्षाचं की दोन वर्षांचं. कुणीतरी कधीतरी अण्णांकडे पाठवलं आणि मग रीघच लागली. आयटीआय झालेला हा म्हातारा ओट्यावर बसून इंजिनियरांना सल्ला द्यायचा. सल्ला कसला, बादच करायचा.

जळगावचा एक जण लॅपटॉपवर रंगीत तक्ता करून आला होता. तीन कॉलेजं, बारा रकाने. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यातनं गेल्या साली सुटलेल्या कुणासंगं बोललास का?"

"वेबसाइटवर आहेत ना त्यांचे अनुभव."

"म्हंजी साक्षीदार बी त्यांचंच व्हय? ज्याचा फोटू तितं न्हाई त्याला हुडक. त्याला इचार, दोन वर्सात तू स्वोता काय बनवलंस. मशिन बिघडल्यावर कोण उघडायचं, तू का बाहेरचा माणूस. त्याला सांगता आलं न्हाई तर बाद."

दुसऱ्या एकीला म्हणाले, "आदी हे ठरव, तुला शोध लावायचाय का कारखान्यात जायाचंय. दोनी चांगलं हाय. पन मेंढी पाळायची आन दूध म्हशीचं मागायचं, असं करू नगं." ती हसली. पुढं तिनं प्रबंधाचा अभ्यासक्रम सोडला आणि जिथं सहा महिने कारखान्यात काढावे लागतात असा घेतला. पेढे घेऊन आली तर अण्णा तिला म्हणाले, "मी कुटं सांगितलं घे म्हनून? मी फकस्त बाद करतो."

हे खरं होतं. ते कधीच 'हे घे' म्हणायचे नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, "अण्णा, सगळं बादच करता, एखादं पास करायला काय होतं तुम्हाला?"

त्यांनी खिशातलं गेज काढून बोटांत फिरवलं. मग म्हणाले, "एकदाच पास केलंतं. तेवढंच चुकलं."

ते त्यांच्या मुलाबद्दल बोलत होते. पोराला दोन ठिकाणी जागा मिळाली होती. त्याला एक हवी होती, अण्णांनी दुसरी घ्यायला लावली, टूल डिझाइनची, कारण अण्णांच्या कारखान्यात टूलरूमवाल्याला साहेबाचा मान होता. पोरगं शिकून बाहेर पडेपर्यंत ती कामं संगणकावर गेली, बाहेरगावी गेली. दोन-तीन नोकऱ्या करून तो आता भूगावात नव्या फ्लॅटवाल्यांना पडदे शिवून देतो. दुकान चांगलं चालतं. बापाकडे येत नाही.

आता माझ्या पोरीचं सांगतो. राग तिथूनच सुरू होतो.

अश्विनी माझी एकुलती एक. मेकॅनिकल झाली, हिंजवडीत वर्षभर एका कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला पुढं शिकायचंय. पण मला मशिन बनवणाऱ्या कंपनीत जायचंय, स्क्रीनवर नुसती चित्रं गोल फिरवायला नाही." परीक्षा दिली, गुण चांगले पडले. दोन जागा हातात आल्या. एक लवळ्याला, टेकडीवरच्या खासगी विद्यापीठात. घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं. काचेची इमारत, परदेशी कॉलेजशी करार, नोकरीची हमी म्हणे. दुसरी लांब दक्षिणेत, एका जुन्या सरकारी कॉलेजात. भाषा वेगळी, खाणं वेगळं, होस्टेलचे फोटो बघून बायको रडलीच. दुसरं सगळं वर्ष तिथं म्हणे कारखान्यात काढायचं. तिकडं होकार कळवायला शनिवार संध्याकाळपर्यंतची मुदत. आम्ही हे बोलत होतो तो आदला शनिवार होता. म्हणजे आठवडा.

मी मनात ठरवूनच टाकलं होतं. पण पोरगी म्हणाली, अण्णाआजोबांना घेऊन बघून येऊ. गेलो तिघं. तिथं एका टायवाल्या मुलानं आम्हाला लॅब दाखवली. फरशी अशी की चप्पल काढावीशी वाटावी. मधोमध मोठं सीएनसी मशिन. तो मुलगा "दिस इज आवर स्मार्ट फॅक्टरी, सर" वगैरे सांगत होता, अश्विनी त्याला प्रश्न विचारत होती. अण्णा मशिनच्या मागं गेले. वाकले. कापलेल्या लोखंडाचा कीस पडायला मशिनखाली ट्रे असतो, त्यात कोपरापर्यंत हात घातला. मग उठले आणि हात पाठीमागं बांधून आमच्याबरोबर चालायला लागले.

ऑफिसात मी रंगात आलो. फी म्हणजे काय, छापलेला दर. छापलेला दर मी कधी दिलेला नाही. आधी त्या टायवाल्याशी, मग त्याच्या साहेबाशी. पाऊण तास. माझ्या पोरीचे गुण, गावची माणसं, उद्या तुमच्या होस्टेलचे कठडे कोण करणार, सगळं काढलं. शेवटी साहेब घाम पुसत म्हणाला, "ठीक आहे, पण आजच सीट बुक केलीत तर." मी तिथंच फोनवरून पैसे पाठवले. अश्विनी म्हणाली, "पप्पा, थांबा ना जरा." मी म्हटलं, "अगं, इसार दिला. आता जागा कुठं जात नाही."

परत येताना गाडीत अण्णा माझ्या शेजारी बसले होते. नांद्याच्या वळणावर त्यांनी एकदम आपला उजवा तळहात माझ्यासमोर धरला.

"काय?" मी विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले आणि हात खाली घेतला.

मी जिंकून आलो होतो. तळहात बघायला मला वेळ कुठं होता?

दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. पोरगी जेवायला यायची, ताटातलं चिवडायची, जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला न विचारता माझी दोन वर्षं बुक केलीत." मी चढ्या आवाजात म्हटलं, अण्णा होते ना बरोबर, ते कुठं काय बोलले? आणि तसाच कुंपणापाशी गेलो.

"अण्णा, ती लॅब कशी होती ते सांगा हिला."

अण्णा शेंगा फोडत बसले होते. "आता मी काय सांगू? तू इसार दिलास."

"मग?"

"इसार झाल्याव तिसऱ्यानं तोंड घालायचं नसतं. मोडता घातला म्हनत्यात."

हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार दिला की संपलं. त्यानंतर कुणी 'ती जमीन खडकाळ आहे' म्हणाला तर तो वैरी. मोडता घालणाऱ्याच्या घरी लोक पोरगी देत नाहीत. पण हे काय जमिनीचं होतं? मी ओरडलो, "माझ्या पोरीच्या आयुष्याचं आहे हे, गावठाणातल्या गुंठ्याचं नाही!"

"मग इसार कशापायी दिलास?" अण्णा म्हणाले.

कोंडीत सापडलो की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "स्वतःच्या पोराचं बोलून वाटोळं केलंत. आता माझ्या पोरीचं गप्प बसून करा."

अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी टरफलं गोळा केली, उठले, आत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

पुढचं मला अश्विनीनं सांगितलं. गुरुवारी ती त्यांच्या ओट्यावर बसून दक्षिणेतल्या त्या कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एका मुलीशी फोनवर बोलत होती. नाव तिनं स्वतः शोधून काढलेलं, फोटोबिटो नसलेलं. स्पीकरवर तिकडून नुसती घरघर. ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, सॉरी, मी वर्कशॉपमध्ये आहे, बाहेर जाऊन बोलते. अण्णा एकदम म्हणाले, "तिला म्हनावं थांब. जाऊ नगं. ऐकू दे." फोन हातात घेऊन त्यांनी कानाला लावला. अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकत राहिले. "ग्राइंडिंग हाय," म्हणाले, "बारीक काम चाललंय." आणि फोन परत दिला. तिनं विचारलं, "मग आजोबा, तिकडं जाऊ?" त्यावर म्हणे, "तुज्या बापानं इसार दिलाय. त्याला इचार."

शनिवारी सकाळी मी कुणाला न सांगता लवळ्याला गेलो. अण्णांना खोटं पाडायला गेलो, खरं सांगतो. टायवाल्याला म्हटलं, उरलेली फी आत्ता भरतो, फक्त ते मशिन एकदा चालू करून दाखवा. तो म्हणाला, ऑपरेटर रजेवर आहे. मी म्हटलं, मी थांबतो. तो म्हणाला, सोमवारी या. मी लॅबमध्ये गेलो. मशिन आलं तेव्हाचं स्क्रीनवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. त्या दिवशीही असणार, मला दिसलं नव्हतं. फरशी पुसणारा एक परप्रांतीय माणूस हळूच म्हणाला, "साहब, ये तो चलता ही नहीं. इसमें हवा का लाइन ही नहीं डाला." हवेच्या दाबाशिवाय असलं मशिन चालूच होत नाही.

मी वाकलो आणि ट्रेमध्ये हात घातला. कोपऱ्यात, खाली, जिथं वर्षानुवर्षं कीस अडकून बसतो आणि बोटांना टोचतो. हात बाहेर काढून बघितला. कोरा. तेलाचा डागसुद्धा नाही.

तेव्हा मला गाडीतला तो तळहात दिसला.

म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. इसार दिलेल्या माणसाला जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं होतं. आणि याचाच मला जास्त राग आला. सरळ तोंडानं सांगायला काय झालं होतं? मी हट्टी आहे, मला ओरडून सांगावं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं? इतकी वर्षं शेजारी राहून?

दिवसभर चांदणी चौकापर्यंत उगाच गाडी फिरवत राहिलो, संध्याकाळी घरी आलो. मुदत संपायला तासभर राहिला होता. अश्विनी जिन्यावर बसली होती, मोबाइल हातात. मी म्हटलं, "तिकडं हो म्हणून कळव."

"आणि इसार?"

"बुडाला. दाब बटण."

तिनं दाबलं, मग माझ्याकडे न बघता कुंपणाकडे धावत गेली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? आणि त्यांनीही हाक मारली नाही. वर्ष गेलं, दुसरं लागलं. सकाळी ते दात घासायला बाहेर यायचे, मी गाडी काढायचो. दोघंही एकाच वेळी दुसरीकडे बघायचो. ते वाळत चालले होते. हात थरथरायला लागला होता. शेव्हिंग करताना कापून घ्यायचे. मला दिसत होतं. बायको डबा देऊन यायची. मी विचारायचो नाही, ती सांगायची.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत अश्विनी घरी आली. तिकडच्या एका कारखान्यात दिवसभर उभी असायची. रंग उतरला होता, नखांत काळं होतं आणि आवाज मोठा झाला होता. बॅग टाकून थेट अण्णांकडे. मी कुंपणापाशी जास्वंदीला पाणी घालत होतो. म्हणजे पाणी घालून झालं होतं, पाइप हातात होता.

तिनं रुमालातून एक बुश काढला, आरपार होल असलेला पोलादी नळीचा तुकडा, स्वतः केलेला. अण्णांच्या गेजचं माप ती पाठ करून गेली होती. अण्णांनी तो अंगठ्यानं आतून फिरवला, कितीतरी वेळ. मग गेज काढलं. हात इतका हलत होता की टोक होलाला लागेना. अश्विनीनं धरायला हात पुढं केला, त्यांनी झटकला. मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला. गो गेलं. उलटं केलं. नो-गो अडलं.

"दुसरा दाखव," अण्णा म्हणाले.

पोरगी हसली. तिनं बॅगेतून आणखी चार काढून ओट्यावर ओळीनं मांडले. माझ्या हातातला पाइप पायावरच वाहत होता. एकेक बुश ते घ्यायचे, मनगट टेकवायचे, घालायचे, उलटं करायचे. पाचवा झाला. गेज खिशात गेलं. भिंतीला धरून अण्णा उठले आणि काही न बोलता आत गेले.

अश्विनीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे बघितलं. "पप्पा, काय झालं? चुकलं का काही?"

पाइप टाकून दिला. मी ओरडलो, "पास झाले! चहाला गेलेत ते!"

आतून स्टोव्हचा आवाज आला. मग भांड्याचा. आणि मग दीड वर्षानंतर पहिल्यांदा माझ्यासाठी शब्द आले, तेही तिच्याकडून.

"आश्विने, त्याला म्हनावं, साखर संपलीया. घिऊन ये."

मी घरात गेलो. साखरेची हाताला लागली ती पुडी उचलली, कुंपणाचं फाटक उघडलं. ते उघडताना करकरलं, इतके दिवस बंद होतं. अण्णा दारात उभे होते, हात पुढं केलेला. मी पुडी त्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वरखाली करून वजन बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले,

"एवडीच व्हय?"